पुस्तकांच्या दुकानात लेखकाला बोलवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात दीड वर्षापूर्वी मराठी, गुजराती आणि इंग्रजी पुस्तकांचं छोटं दुकान सुरू केलंत. लेखकाशी गप्पांचे दोन कार्यक्रम केलेत. पहिल्याला ७० माणसं आली, पण प्रती गेल्या ६. दुसऱ्याला माणसंच ९ आली. खुर्च्या, चहा, पाहुण्यांचं येणं-जाणं धरून बराच खर्च अंगावर पडला. आता माणसं कशी जमवायची आणि हे चालू ठेवावं का, असं तुम्ही विचारलंय.

चालू ठेवा. पण माणसं जमवण्याची काळजी घटकाभर बाजूला ठेवा. पहिल्या वेळी ७० जण आलेच होते की. अडलं ते पुढे. त्या ७० जणांत ते पुस्तक आधी वाचून आलेले किती होते? माझा अंदाज, एकही नसावा. रावपुऱ्यात मी १८ वर्षं दुकान चालवते आहे. या काळात बाकी मतं बदलत गेली, एक मात्र पक्कं होत गेलं: पुस्तक वाचून आलेली ५ माणसं खोलीत असली की कार्यक्रम उभा राहतो. ती नसली तर ७० माणसांतही लेखक एकटाच बोलत राहतो. म्हणून मी गर्दीच्या मागे लागत नाही, त्या पाच जणांच्या मागे लागते.

आधी हेही सांगते की माझं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. माझं दुकान जुन्या शहरात आहे. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मराठी, त्यातलं बरंचसं पन्नाशीच्या पुढचं. तुमचं दुकान वासणा-भायली किंवा गोत्रीकडच्या नव्या वस्तीत असेल तर तिथली माणसं, त्यांच्या वेळा, गाडी लावायची सोय, सगळंच वेगळं. गल्ल्यावर बसायला घरचं कुणी आहे की तुम्ही एकटेच आहात, यानेही पुष्कळ फरक पडतो. आणि तुमचा स्वभाव. काहींना माणसांना फोन करणं जड जातं. तसं असेल तर हे काम जमणाऱ्या कुणालातरी सोबत घ्या, कारण या साऱ्यात फोन फार आहेत.

मीही सुरुवातीला तुमच्यासारखंच केलं होतं. एका मंडळाच्या सोबतीने हॉल घेतला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ. सहाचा कार्यक्रम, लेखकाच्या हातात माइक आला सात वाजून दहा मिनिटांनी. ते ५० मिनिटं आपल्या लेखनप्रवासावर बोलले, छान बोलले. पुस्तकातली एक ओळही वाचली नाही. मग आभार, आणि शेजारच्या खोलीत अल्पोपहार. पुस्तकांचं टेबल दाराशी होतं. माणसं लिलो चेवडो आणि चहा घेऊन टेबलापाशी आली, मुखपृष्ठं बघितली आणि पुढे गेली. हातात बशी असलेला माणूस पुस्तक उघडत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. ६० प्रती मागवल्या होत्या, ७ गेल्या. तेव्हापासून आमच्याकडे खाणं पुस्तकांनंतर, आणि चहा दुकानाबाहेर ओट्यावर.

याच्या उलट एक रविवार सांगते. गुजराती कथांचा मराठी अनुवाद होता, अनुवादिका आल्या होत्या. माणसं १४. त्यातल्या सहा जणांनी पुस्तक आधी वाचलेलं. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुस्तकात बोट घालूनच बसले होते. वाचन संपल्यावर म्हणाले, “८४ पानावर आई दारापर्यंत येते आणि काही न बोलता परत जाते. मूळ गुजरातीतही ती गप्पच आहे का हो?” बाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, “नाही. गुजरातीत ती एक शब्द बोलते. भले.” त्यांनी ‘बरं’ लिहून पाहिलं होतं, ‘ठीक आहे’ लिहून पाहिलं होतं, ‘असू दे’सुद्धा. एकातही त्या आईचं हार मानणं येईना, म्हणून शेवटी तिला गप्प ठेवलं. मग जे सुरू झालं ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. एका गुजराती बाईंनी ‘भले’ तीन तऱ्हांनी म्हणून दाखवलं: रागाचं, लाडाचं आणि थकलेलं. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, माझी आजी अशा वेळी ‘असो’ म्हणते. अनुवादिकेने पेन्सिल मागितली आणि आपल्या प्रतीत ८४ पानाच्या समासात ‘असो’ लिहिलं. तेवढ्यात उरलेली आठ माणसं उठून ८४ पान शोधायला टेबलाशी गेली होती. त्या दिवशी ११ प्रती गेल्या आणि पुढच्या महिन्यात २३, बहुतेक त्या चौदा जणांच्या सांगण्यावरून.

त्या सहा जणांनी पुस्तक आधी कसं वाचलं, ते महत्त्वाचं. मी त्याला वाचनप्रत म्हणते. कार्यक्रम ठरला की त्या पुस्तकाच्या ५ प्रती बाजूला काढते, आतल्या पानावर ‘वाचनप्रत’ शिक्का मारते आणि पाच जणांना दहा-दहा दिवसांसाठी देते. दहा दिवसांनी प्रती फिरतात. तीन आठवडे हातात असले तर पाच प्रतींतून आठ-दहा वाचक तयार होतात. सगळे वाचत नाहीत, चार-पाच जण पुरं करतात. तेवढे पुरतात. खर्च बघा. ३०० रुपयांचं पुस्तक ३० टक्के कमिशनवर मला २१० ला पडतं. पाच प्रती म्हणजे १,०५० रुपये. माझा जाहिरातीचा खर्च एवढाच. कार्यक्रमानंतर या प्रती निम्म्या किमतीत विकते, त्यामुळे थोडे पैसे परतही येतात.

यात माझी बुद्धी काही नाही, ही आपल्या गावाचीच रीत आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात आणलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आपण सगळे जाणतो, पण त्या कामाचा मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे फिरती ग्रंथालयं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या पेट्या संस्थानातल्या खेड्यापाड्यांत धाडत. लोकांना शहरातल्या सभागृहात बोलवायची वाट बघितली नाही, आधी पुस्तक माणसाच्या दारात नेलं. मी पाच प्रती पिशवीत घालून दांडिया बाजारात, बाबाजीपुऱ्यात पोचवते तेव्हा मला त्या पेट्या आठवतात.

आता कार्यक्रमात मोठ्याने करायच्या वाचनाबद्दल, कारण बडोद्यात त्याला पुण्या-मुंबईपेक्षा वेगळं मोल आहे. आपल्याकडच्या मराठी घरांतली पस्तिशीच्या आतली मुलं बहुतेक गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातली. घरात मराठी बोलतात, ऐकलेलं सगळं समजतं, पण २०० पानांचं मराठी पुस्तक हातात घेतलं की गती मंदावते आणि पंधराव्या पानाला पुस्तक मिटतं. ही माणसं मराठीपासून तुटलेली नाहीत, त्यांचा कान शाबूत आहे. म्हणून आमच्या कार्यक्रमात लेखकाचं भाषण नसतंच. आधी वाचन, मग गप्पा. कानाने पहिली आठ पानं आत गेली की नववं पान डोळ्याने वाचणं सोपं जातं. अशा मुलांनी आमच्याकडे सुरुवात अशीच केली आहे. गुजराती श्रोत्यांचंही तेच. मराठी ऐकून त्यांना बरंच कळतं आणि देवनागरी हिंदीमुळे परकी नसते. त्यांच्यासाठी वाक्यागणिक भाषांतर करू नका, त्याने दोन्हीकडचा रस जातो. सुरुवातीला दोन मिनिटं गोष्टीची पार्श्वभूमी गुजरातीत सांगा, प्रश्न कुठल्याही भाषेत विचारू द्या. पुरतं.

वाचन किती? सलग १२ मिनिटांच्या वर नको. मराठी छापील पान नीट, थांबत वाचलं तर दोन ते अडीच मिनिटं जातात, म्हणजे पाच पानं झाली. दोनदा वाचायचं: सुरुवातीला १२ मिनिटं आणि गप्पांच्या मध्ये पाच-सहा. कुठली पानं ते लेखकावर सोडू नका. लेखक बहुधा आपल्याला सर्वांत अवघड गेलेला भाग निवडतात, ऐकणाऱ्याला मात्र मागचापुढचा धागा हवा असतो. मी आठवडाभर आधी दोन-तीन उतारे सुचवते आणि फोनवर एकदा वाचून घ्यायला सांगते. सगळ्या लेखकांना वाचता येतं असंही नाही. आवाज लागत नसेल तर नाटकात काम करणारं किंवा आकाशवाणीवर वाचलेलं कुणीतरी गावात असतंच, त्यांच्याकडून वाचून घ्या आणि लेखकाला शेजारी बसवा. लेखकाला वाईट वाटेल ही भीती मलाही होती. आजवर एकालाही वाटलेलं नाही. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

गप्पा मारायला कोण, यावर कार्यक्रम निम्मा तरतो किंवा बुडतो. आपण मान म्हणून एखाद्या प्राध्यापकांना बोलावतो आणि ते स्वतःचं व्याख्यान घेऊन येतात. मी विद्वानांच्या विरोधात नाही, पण ती खुर्ची वाचकाची आहे. पुस्तक दोनदा वाचलेलं, कुतूहल असलेलं आणि प्रश्न विचारून गप्प बसू शकणारं माणूस शोधा. आमच्याकडे हे काम अलीकडे बँकेत नोकरी करणारी एक वाचक करते. तिला मी एकच सांगते: पहिला प्रश्न पुस्तकातल्या एका प्रसंगावर हवा, पान क्रमांकासकट. ‘लेखनाकडे कसे वळलात’ हा प्रश्न आमच्या दुकानात विचारला जात नाही, कारण त्याचं उत्तर प्रत्येक लेखकाचं पाठ असतं.

वेळ आणि दिवस. जुन्या शहरात मला रविवारी सकाळी साडेदहा सर्वांत सोयीचे ठरले. रस्ता मोकळा, गाडी लावायला जागा, हॉर्न कमी, आणि म्हाताऱ्या माणसांना अंधार पडायच्या आत घरी जायची घाई नसते. सव्वाबाराला संपवतेच, जेवणाच्या वेळेला धक्का लावत नाही. नव्या वस्तीत शनिवारी संध्याकाळी जमेल. पण एकदा दिवस धरला की सोडू नका. महिन्याचा दुसरा रविवार म्हटलं की दुसरा रविवारच, पाहुणा असो वा नसो. पाहुणा नसेल तेव्हा आम्ही नुसतं वाचतो. सवय लागायला आम्हाला जवळजवळ दीड वर्ष लागलं. तुम्ही दोनच कार्यक्रम केलेत, एवढ्यात निष्कर्ष काढू नका. नवरात्रात मात्र काही ठेवू नका, बडोदं त्या नऊ रात्री गरब्याचं असतं आणि सकाळी कुणी उठत नाही. गणपतीचे दहा दिवस, १४-१५ जानेवारीची उत्तरायण, मार्चमधल्या बोर्डाच्या परीक्षा, हेही टाळा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, २४ ऑगस्टला गुजराती भाषा दिन. मोह होतो, पण त्या दिवशी सगळ्याच संस्थांचे कार्यक्रम असतात. मी त्यांच्या पुढचा रविवार घेते.

प्रती किती मागवायच्या? मी अपेक्षित माणसांच्या निम्म्या मागवते आणि लेखकाची आधीची पुस्तकं दोन-दोन, तीन-तीन ठेवते. अनेकदा माणसं नव्यापेक्षा जुनं घेतात. न खपलेल्या प्रती परत घेण्याची बोली प्रकाशकाशी आधी करा आणि ती लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी असल्या तरी चालेल: किती दिवसांत परत, वाहतूक कुणाची, कोपरे दुमडलेल्या प्रतींचं काय. मला एकदा एका प्रकाशकाकडून गठ्ठा कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मिळाला. ४० माणसं, मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या लेखिका, आणि टेबलावर एकही प्रत नाही. त्यांनी स्वतःच्या पिशवीतल्या तीन प्रती काढून दिल्या. त्या सकाळची लाज अजून जात नाही. तेव्हापासून पुस्तकं दुकानात येऊन, गठ्ठा सोडून, मोजून झाल्याशिवाय मी तारीख जाहीर करत नाही. स्वतःच पुस्तक छापलेले लेखक प्रती बरोबर आणतात. त्यांचा हिशेब त्याच दिवशी चुकता करा. त्यांनी पदरचे पैसे घातलेले असतात.

खर्चाचं गणित उघड्या डोळ्यांनी करा. ३०० रुपयांच्या पुस्तकामागे ९० रुपये सुटतात. २० प्रती गेल्या तरी १,८०० रुपये. यात बाहेरगावच्या पाहुण्याचं रेल्वेचं तिकीट, हॉटेल आणि मानधन बसत नाही, कधीच बसणार नाही. त्यामुळे लेखकाला फक्त आपल्या कार्यक्रमापुरतं बोलवू नका. ते अहमदाबादला, सुरतेला किंवा इथल्या विद्यापीठात कशासाठी येताहेत का याची चौकशी ठेवा आणि एक सकाळ मागून घ्या. प्रवासखर्च दोन-तीन ठिकाणी वाटला जातो. आणि दरवेळी पाहुणा बाहेरचाच का? या गावात लिहिणारी, अनुवाद करणारी, चित्रं काढणारी माणसं थोडी नाहीत. मराठी वाङ्मय परिषद आहे, महाराज सयाजीराव विद्यापीठाचा मराठी विभाग आहे. २०१८ चं मराठी साहित्य संमेलन याच गावाने भरवलं. वर्षातून दोन पाहुणे बाहेरचे आणि बाकी महिने आपल्या गावचे, असं आमचं प्रमाण आहे. पण मानधन थोडं का असेना, गावच्या माणसालाही द्या. पाकिटात ५०० रुपये असले तरी चालतील, रिकाम्या हाताने पाठवू नका.

प्रवेशमूल्याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. तरुण वर्गात १०० रुपये घेऊन तेवढी रक्कम पुस्तकाच्या किमतीत वळती करणं चालतं. आमच्या जुन्या वाचकांना दारात पैसे देणं खटकलं, म्हणून बंद केलं. तुमच्याकडे करून बघा.

बारीक गोष्टी भराभर सांगते. खुर्च्या अपेक्षेपेक्षा पाच कमी मांडा, बाकीच्या आत घडी करून ठेवा. २५ माणसांपर्यंत माइक नको, पण ऐकू कमी येणाऱ्यांना पहिल्या ओळीत जागा राखा आणि वाचनाच्या वेळी खडखडणारा पंखा बंद करा. गल्ल्यावर बसणाऱ्याने कार्यक्रम ऐकायचा मोह सोडायचा, बिल लगेच झालं पाहिजे. सहीच्या रांगेत प्रत्येकाच्या हातात नावाची चिठ्ठी द्या, देवनागरीत लिहिलेली. मयूरी की मयुरी, देसाई कुठले, हे लेखकाला विचारत बसावं लागलं की मागची माणसं कंटाळून निघून जातात. मोबाइलवरून थेट प्रक्षेपण आम्ही वर्षभर केलं. अमेरिकेतल्या भाच्यांनी बघितलं, पुस्तकं त्याने खपली नाहीत. आता फक्त वाचनाचा भाग रेकॉर्ड करून ठेवतो, तोही लेखकाला विचारून.

एक वही ठेवा. आमच्या वहीत प्रत्येक कार्यक्रमाची चार घरं आहेत: आले किती, आधी वाचून आलेले किती, त्या दिवशी प्रती किती, पुढच्या ३० दिवसांत प्रती किती. शेवटचं घर मी सर्वांत आधी बघते. त्या दिवशी चार आणि महिन्याभरात वीस, असं कितीतरी वेळा झालंय. कार्यक्रम संपला की पुस्तक टेबलावरून उचलून फळीत खोचू नका, महिनाभर गल्ल्याशेजारी समोरच राहू द्या, त्यावर ‘गेल्या रविवारी वाचलेलं’ अशी चिठ्ठी लावा.

आता तुमच्या दुसऱ्या कार्यक्रमाकडे येते, ज्याचं तुम्हाला वाईट वाटतंय. ते ९ जण कोण होते? मंडळाने आणलेले नाहीत, लेखकाचे नातलग नाहीत, स्वतःहून उठून आलेले ९ वाचक. त्यातल्या किती जणांची नावं आणि नंबर तुमच्याकडे आहेत? नसतील तर बिलं काढून बघा, आठवून बघा, दोघं-तिघं तरी सापडतील आणि ते बाकीच्यांना ओळखत असतील. पुढचं पुस्तक लहान निवडा, दीडशे पानांच्या आतलं. पाच प्रतींवर शिक्का मारा आणि या आठवड्यात त्या नऊ जणांपैकी पाच जणांच्या घरी स्वतः नेऊन द्या.